केलेले काम (एका ओळीत लिहा)

आयटीआयनं दिलेल्या वहीत चार रकाने आहेत :
दिनांक, केलेले काम, तास, शेरा.
कामाच्या रकान्यात एकच ओळ मावते,
तीही माझं अक्षर बारीक म्हणून.

पहिल्या दिवशी लिहिलं : दुकानाची ओळख.
दुकान म्हणजे लाखांदूरच्या बसस्टँडामागे
दहा बाय बारा, वर टिनं,
आणि जळक्या मोटरींची रांग थेट नालीपर्यंत.
उन्हाळी धानाचे दिवस.
रात्री व्होल्टेज पडलं की सकाळी
गावोगावच्या मोटरी इथं येऊन टेकतात,
कोणी सायकलवर, कोणी ट्रॅक्टरात, पोत्यात गुंडाळून.
कोटांगले मिस्त्री म्हणाले,
"वायरमन ट्रेड काय? बस त्या डब्यावर.
हात नोको लावू. आंधी वास घे."
तीन दिवस मी वास घेतला.
ओव्हरलोडचा वेगळा, एक फेज गेलेल्याचा वेगळा,
पाणी शिरलेल्याचा तर ओल्या गोणपाटासारखा.
वहीत लिहिलं : निरीक्षण.

मग छिन्नी, मग जुनी तार उपसणं,
मग छत्तीस खाचांत कागद बसवणं.
कागद नखाएवढा जरी तिरपा गेला
तरी मिस्त्री काही बोलत नसत,
नुसते चहाला निघून जात.
परत येईपर्यंत मी उपसून ठेवलेला असायचा.

वेढे मोजायला त्यांच्याकडे चिंचोके.
दहा वेढे झाले की एक चिंचोका
या वाटीतून त्या वाटीत.
"मोबाइलवर मोजता येतं," मी म्हटलं.
"फोन आला म्हंजे?" ते म्हणाले.

एकेचाळिसाव्या दिवशी मी एक टोक उलटं जोडलं.
मोटर फिरली नाही, नुसती घुमली,
दात दुखणारा माणूस घुमतो तशी.
दारात इंदोऱ्याचा आसाराम डबा मांडीवर घेऊन बसलेला,
बांधीत पाणी नाही, परवापासून.
मिस्त्री त्याला म्हणाले, "वार्निश सुकाचं हाय, सकारी ये."
एवढंच. माझं नाव नाही घेतलं.
शटर अर्धं ओढून आम्ही ती पुन्हा उघडली.
रात्री साडेनऊला बाबा घ्यायला आले
आणि टॉर्च धरून उभे राहिले, त्यांनाही कोणी सांगितलं नाही
टॉर्च किती वेळ धरायचा ते.
वहीत लिहिलं : दुरुस्ती.
तास : आठ. (आठापेक्षा जास्त लिहिता येत नाहीत.)

परीक्षेला बाहेरचे सर आले.
"तारेचा गेज कसा ओळखाल?"
मी सांगितलं, नखावर घासून.
ते हसले, मायक्रोमीटर म्हणाले,
दहापैकी सहा दिले.
बरोबरच आहे त्यांचं. मायक्रोमीटर कपाटात होता,
कपाटाची किल्ली रजेवर.

शेवटी प्रमाणपत्र. त्यावर दुकानाचा शिक्का हवा.
एकतीस वर्षांत मिस्त्रींना शिक्का लागला नव्हता,
लोक मोटरच्या आवाजावरून ओळखत.
दुकान बंद ठेवून ते वडशाला गेले,
दोनशे रुपयांचा शिक्का बनवून आणला,
माझ्या कागदावर पहिल्यांदा उमटवला,
फुंकर मारली.
कोटांगले मोटर वाइडिंग.
एक टिंब कमी.

मी घरी येऊन पेनानं टिंब दिलं.
क्लार्क म्हणाले, "खाडाखोड चालत नाही, नवीन आण."
मी म्हटलं, "सर, तुमच्या शेतातली मोटर
मार्चमध्ये भरली, ती कशी चालते?"
"चांगली चालते. काऊन?"
"काही नाही," मी म्हटलं.
त्यांनी एकदा कागदाकडे पाहिलं,
एकदा माझ्या नखांकडे,
वार्निश अजून निघालं नव्हतं,
आणि कागद फायलीत लावला.

शेऱ्याचा रकाना कोराच राहिला.
मिस्त्रींना विचारलं होतं काय लिहू.
"लिव ना," ते म्हणाले, "सोमवारी येते म्हून."